दोन राजीनामे

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ च्या डिसेंबरात, फ्रेडरिक्सबर्गच्या रणांगणावर उत्तरेच्या सैन्याचा दारुण पराभव झाला, तेव्हा रिपब्लिकन पक्षातील जहाल सिनेटरांनी त्याचे खापर परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांच्या माथी फोडले. आणि अर्थमंत्री चेस यांनी, अध्यक्ष लिंकन मंत्र्यांशी मसलतच करीत नाहीत अशी कुजबुज चालवून, या असंतोषाला आतून खतपाणी घातले होते. सेवर्ड यांनी राजीनामा धाडला. सिनेटरांचे शिष्टमंडळ तक्रार घेऊन आले, तेव्हा लिंकन यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना सेवर्डखेरीज सर्व मंत्र्यांसमोर बसविले, आणि मसलत होते हे चेस यांना सर्वांदेखत मान्य करावे लागले. खजील होऊन त्यांनीही राजीनामा दिला. आणि दोन्ही राजीनामे हाती येताच अध्यक्षांनी ते नामंजूर करून दोघांनाही आपापल्या खात्याचा कारभार पुढे चालविण्यास सांगितले.

कोणी याला निव्वळ चातुर्य म्हणेल. मला तर यात थोर राजकीय विवेक दिसतो. दास्यमुक्तीची घोषणा अवघ्या बारा दिवसांवर आली असताना पक्षातील एका गटाचा बळी देऊन दुसऱ्याला तृप्त करणे, म्हणजे त्या घोषणेचा आधारच दुभंगू देणे होते. पुढे १८६४ मध्ये चेस यांचा राजीनामा लिंकन यांनी स्वीकारला खरा, परंतु त्याच वर्षी त्यांनाच सरन्यायाधीशपदावर नेमले.