चैत्यभूमीचा प्रवास : कर्ज नको, शिदोरी हवी

६ डिसेंबरला आष्टी तालुक्यातून कितीतरी कुटुंबे दादरला जातात. दोन-तीन रात्री शिवाजी पार्कवर मुक्काम होतो. जाणे तर आहेच. पण त्यासाठी कर्ज काढू नये, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घराने मुकादमाकडून प्रवासासाठी जादा उचल घेतली, तर ती शेवटी कोयत्यानेच फेडावी लागते.

त्यापेक्षा जुलैपासूनच घरात डबा ठेवावा. आठवड्याला ५० रुपये टाकले, तर वीस आठवड्यांत १,००० रुपये जमतात.

तिकिटाचा हिशोब आधी करावा. नवीन आष्टी ते अहिल्यानगर ही ६६ किलोमीटरची रेल्वे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. पुढे मनमाडमार्गे किंवा दौंड-पुणेमार्गे दादर गाठता येते. रेल्वेचे साधे तिकीट स्वस्त. पण ज्येष्ठांची सवलत तिथे मार्च २०२० पासून बंद आहे. एस. टी. मध्ये मात्र मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणून घरात आजी व मायमाऊल्या जास्त असतील, तर दोन्ही भाडी ताडून पाहावीत. आजीचे आधार कार्ड विसरू नये.

मुक्कामाला पैसा लागत नाही. मुंबई महापालिका मैदानावर मंडप, पाणी, शौचालये व दवाखान्याची सोय करते. मंडप लवकर भरतो. म्हणून खताची रिकामी पोती धुऊन, जोडून शिवलेले तळवट आणि एक वाकळ सोबत असावी. चार घरांनी मिळून सामान वाटून घेतले, तर ओझेही हलके होते.

बाजरीच्या भाकरी, गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा एवढ्यावर दोन दिवस निघतात. स्टोव्ह किंवा गॅस रेल्वेत नेऊ नये. त्याला बंदी आहे आणि जिवालाही धोका आहे. पाण्याची बाटली घरचीच भरावी.

आता वाचलेल्या पैशांचे काय? मैदानावर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. फोटो, लॉकेट जरूर घ्या. पण प्रत्येक मुलाच्या हातात निदान एक पुस्तक द्या. भाकरी बांधून वाचवलेले पैसे घरी पुस्तक होऊन आले, तर तो प्रवास वर्षभर कामी येतो.

जयभीम!