दुधाला फॅट लागते, पाण्याचे काय?

आमच्या गावी रोज दोन वेळा दूध संकलन केंद्रावर रांग लागते. फॅट पाहतात, एसएनएफ पाहतात. दुधात पाणी घातले असेल तर लगेच उघडकीस येते. परंतु जे पाणी आपण गुरांना आणि लेकरांना पाजतो, ते कोणी कधी तपासले आहे काय? मला तरी आठवत नाही.

आमचा गोठा विहिरीपासून वीस पावलांवर, उकिरडा त्याच्याही अलीकडे. चुलते म्हणतात, "आज्यापासून उकिरडा हितंच हाय, काय झालं?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आज्याच्या वेळी एक म्हैस आणि एक बैलजोडी होती. गुरे गायरानात चरत, शेणमूत शिवारभर पसरे. आज आठ संकरित गाई दोन गुंठ्यांत बारमाही बांधलेल्या आहेत. पेंड, सरकी बाहेरून येते. तिच्यातले नत्र दुधात थोडेच उतरते, बाकीचे तिथेच साचते.

शेणखताला मी नावे ठेवीत नाही. पण उघड्या उकिरड्यावर पावसाळाभर पाणी पडते, नत्राचे नायट्रेट होते आणि ते मातीला धरून राहत नाही. मुरमातून, कातळाच्या भेगांतून ते थेट झऱ्याला लागते. गोबरगॅस बांधून सुटका होते असेही नाही. गॅस जळतो, नत्र स्लरीत तसेच राहते.

अशा पाण्याला रंग नाही, वास नाही. तुरटीने ते सुधारत नाही. उकळले तर पाणी आटून नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. विहिरीच्या अशा पाण्याने तान्ही मुले निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली दाखवून दिले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. आमच्या घरी सध्या दोन महिन्यांचा भाचा आहे. त्याच्या वरच्या दुधात याच विहिरीचे पाणी घालतात.

खड्ड्याला सिमेंटचे अस्तर, वर पत्रा, जागा विहिरीच्या खालच्या उताराला, मूत हत्तीगवताला. उपाय अवघड नाहीत, पण पैसा लागतो. माझी फी याच दुधाच्या बिलातून येते, म्हणून बिलात काय उरते हे मला ठाऊक आहे. बिलातून नाना कपाती होतात. मग त्यातूनच पावसाळ्याआधी व नंतर सभासदांच्या विहिरी तपासाव्यात, असा ठराव दूध संस्थेच्या वार्षिक सभेत का येऊ नये? तो मांडा, असे मी चुलत्यांना सांगितले आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला