उलटी उचल

उचल म्हणजे काय, हे ऊसतोड मजुरांच्या चकलांब्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती ऊस तोडून फेडायची. मधेच कारखाना कुणी भाड्याने घेतला, कुणी विकत घेतला, तरी वहीतला आकडा जागचा हलत नाही.

शिकलेल्या पोरांना मोबाइलवर मिळणारं 'मिस्टरी शॉपर'चं काम नेमकं याच्या उलट. गिऱ्हाईक बनून पंपावर, शोरूममध्ये जायचं. मीटर शून्यावर होता का, बिल न मागता दिलं का, माणूस नीट बोलला का, हे मनात टिपायचं आणि बाहेर येऊन बिलाच्या फोटोसह फॉर्म भरायचा. खरेदी स्वतःच्या खिशातून, गाडीतलं पेट्रोलही स्वतःचंच. परतावा आणि फी मागाहून. इथे उचल देतो तो मजूर, आणि तीही बिनव्याजी!

अशात हे काम देणारी कंपनी दुसरीत विलीन होते. जुनं अ‍ॅप बंद पडतं, काम देणाऱ्याचा फोन लागत नाही आणि नवी कंपनी सांगते, 'आमच्या सिस्टिमला तुमचं नाव दिसत नाही.' बहुतेक जण इथेच नाद सोडतात. माझ्या मते हे उत्तर निव्वळ टोलवाटोलवी आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम २३० ते २३२ खाली विलीनीकरण झालं, की मंजूर योजनेप्रमाणे मालमत्तेबरोबर देणीही नव्या कंपनीकडे जातात. देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात गेली, ती वेगळ्या कायद्याने. पण म्हणून कुणाची ठेव बुडाली का?

अर्थात, नुसता धंदा विकला असेल तर कोणतं देणं कुणाकडे, ते करारावर ठरतं. दिवाळखोरीतून कंपनी घेतली असेल तर अवघडच: मंजूर आराखड्यात नसलेले दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सांगितलं. आणि विलीनीकरणालाच हरकत घ्यायची, तर एकूण थकीत कर्जापैकी किमान ५ टक्के तुमचं असावं लागतं. ज्याचे आठशेच रुपये अडकलेत, त्याने काय करायचं?

कामगार कार्यालयात दाद मिळणं कठीण, कारण करारात तुम्ही 'स्वतंत्र व्यावसायिक' असता. मग व्यावसायिकासारखंच वागावं. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी फुकट होते. ती काम घेण्याआधीच करावी. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीवाल्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते.

मात्र काम दिल्याचा ईमेल, रिपोर्ट मंजूर झाल्याचा स्क्रीनशॉट आणि बिल जुनं अ‍ॅप चालू आहे तोवरच काढून ठेवा. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते.