भुईकोटाला चढण नसते

गुडघे झिजलेल्या किंवा काठीच्या आधाराने चालणाऱ्या माणसासाठी किल्ले आणि शहरे यांची मोटारसहल आखायला घेतली, की पहिला आक्षेप घरातूनच येतो. किल्ला म्हणजे चढण. ती झेपत नसेल तर गडाचे नाव सोडावे आणि एखादे देवदर्शन करून परतावे. रायगड, राजगड, तोरणा डोळ्यांपुढे ठेवले तर यात तथ्य आहे. मात्र हा सगळा अनुभव सह्याद्रीचा. जुन्या दुर्गविचारात गिरिदुर्गाच्या जोडीला भुईकोट, म्हणजे सपाटीवरचे किल्ले, आणि जलदुर्गही आहेत, आणि वर्ध्याहून निघणाऱ्याला जवळ पडतात ते बरेचसे भुईकोटच. रायगडाचा दाखलाही आक्षेपकाला पुरता लाभत नाही. जिजाबाईंचा वाडा पायथ्याच्या पाचाडात होता, आणि पाचाड वगळून रायगडाची हकिगत कोणी सांगत नाही.

चंद्रपूर हे या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर. तिथे किल्ला पाहायला शहराबाहेर जावे लागत नाही, कारण गोंड राजांच्या परकोटातच जुने शहर वसले आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे. जटपुऱ्याच्या दरवाजावरचे हत्तींना लोळवणारे सिंह, म्हणजे गोंड सत्तेचे चिन्ह, गाडीच्या खिडकीतून दिसतात. उतरायचे ते अचलेश्वर दरवाजापाशी, गोंड राजांच्या समाध्यांसाठी. राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधवली ती इथेच. दरवाजा ते दरवाजा गाडीने आणि मधले थोडके अंतर पायी, अशा बेताने पाहिलेला हा किल्ला अर्धवट पाहिला असे म्हणणाऱ्याने तटावरून चालत जाऊन आणखी काय दिसले ते सांगावे.

दुसरा तोडगा हौशी तरुणांचा असतो : चौघे मिळून उचलून नेऊ. भावना चांगली, पण उचलून नेलेल्या माणसाला कुठे थांबायचे, काय पाहायचे, केव्हा परतायचे हे ठरवता येत नाही. सहल उचलणाऱ्यांची होते. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. पायऱ्यांवर उतार बांधले तर वारशाचे मूळ रूप बिघडते, असे काही वारसाप्रेमी म्हणतात. जुन्या दगडावर सिमेंट ओतले तर बिघडतेच. पण नुसता टेकवलेला, हवा तेव्हा काढून घेता येणारा लाकडी उतार एका चिऱ्यालाही धक्का लावत नाही. शिवाय 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणची सुगम्यता हा हक्क ठरवला आहे. तेव्हा वाद उतार कसा असावा एवढ्यापुरताच उरतो.

आखणी करताना किलोमीटरना फारसे महत्त्व नाही. गाडी थांबते तिथून पाहायच्या जागेपर्यंत किती पावले, किती पायऱ्या, मध्ये टेकायला ओटा आहे का, जवळ कमोड आहे का, हे आधी फोन करून विचारावे. सपाट जागाही फसवते. सेवाग्राम आश्रमाचे आवार बहुतांशी सपाट आहे. 1936 पासूनच्या त्या मातीच्या कुट्यांना जिना नाही. पण चपला बाहेर, उंबरा ओलांडायचा आणि आत बसायचे तर जमिनीवर. गुडघ्यांना चालण्यापेक्षा हे बसणे-उठणेच जड जाते, म्हणून घडीची खुर्ची गाडीत असावी आणि ती वापरण्याबद्दल आधी विचारून घ्यावे. पवनारला उलट आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी प्राचीन वाकाटक राजांचे प्रवरपूर म्हणून ओळखलेले हे गाव धाम नदीकाठी आहे. विनोबांच्या आश्रमाकडून पात्रात उतरायला पायऱ्या आहेत. त्या टाळून काठावर बसले तरी नदी समोरच असते.

नागपूरकडच्या टप्प्यात सीताबर्डीवर भिस्त ठेवू नये. 1817च्या लढाईचा हा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो, आणि त्या दिवशीच्या गर्दीत काठी टेकायला जागा मिळणे कठीण. त्यापेक्षा रामटेकजवळचा नगरधन बरा : सपाटीवरचा, वाकाटकांच्या नंदिवर्धनाशी जोडला जाणारा भुईकोट. आतल्या भुयारी देवालयाच्या पायऱ्या तेवढ्या सोडाव्यात. रामटेकच्या डोंगरावर गाडीरस्ता जातो खरा, तरी पुढे देवळापर्यंत पायऱ्या उरतात. चढायचे की नाही हे वर पोहोचल्यावर त्या दिवशीच्या गुडघ्यांना विचारून ठरवावे. सगळा बेत मार्गशीर्ष-पौषातला असावा. वैदर्भी उन्हाळ्यात दुपारच्या फरशीवर अनवाणी चार पावलेही धडधाकट माणसाला टाकवत नाहीत.