बटणं चार, फेज एक

हॉलच्या बोर्डावर बटणं चार असली, तरी आत फेजची वायर एकच येते. ती पहिल्या बटणाला जोडून, छोट्या तुकड्यांनी पुढच्या बटणांना नेतात. याला लूपिंग म्हणतात. प्रत्येक बटणाच्या दुसऱ्या टोकावरून स्वतंत्र वायर आपापल्या दिव्याकडे जाते. काळी न्यूट्रल मात्र बटणात न येता थेट दिव्याला मिळते.

यात अदलाबदल झाली आणि बटण न्यूट्रलवर बसलं, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात! म्हणून काम संपल्यावर वायरमनला तुमच्यासमोर बल्ब काढून, बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावायला सांगा. टेस्टर पेटला, तर जोडणी चुकली आहे. आणि बल्ब बदलताना नुसत्या बटणावर विसंबू नका, एमसीबीही बंद करा.