रविवारी रात्री मेस बंद असते

पुण्यात शिकायला आलेल्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. रविवारी दुपारी फीस्ट असते. पुऱ्या, छोल्यांची नाहीतर बटाट्याची भाजी, मसालेभात, पापड आणि गुलाबजाम किंवा श्रीखंड. मग भांडी घासली जातात, शटर खाली येतं आणि मेस चालवणाऱ्या काका-काकूंना आठवड्यातली एकच संध्याकाळ मोकळी मिळते. ती त्यांना मिळायलाच हवी. पण त्याच संध्याकाळी सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर मुलं-मुली पोटाची सोय शोधत फिरतात. कोणी वडापाव खातं, कोणी भुर्जी-पाव, कोणी शेजवान राइस. कोणी खोलीवरच्या किटलीत मॅगी शिजवतं, कोणी चहा आणि बिस्किटाच्या पुड्यावर रात्र काढतं. सोमवारी यातलंच कोणीतरी वजनकाट्यावर उभं राहतं आणि आपल्या जिभेला दोष देतं.

हा दोष चुकीच्या जागी लावला जातो. कॉलेजच्या वयात वाढणारं (किंवा नको तितकं घटणारं) वजन हा संयमाचा प्रश्न आहे, असं मुलांना घरी, वर्गात आणि मोबाइलवर सतत सांगितलं जातं. प्रत्यक्षात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाच्या हातात ताटातलं फार थोडं असतं. जेवणाची वेळ मेस ठरवते, भाजी कंत्राटदार ठरवतो, तेल बाजारभाव ठरवतो आणि एकूण आकडा घरून येणारे पैसे ठरवतात. वजन कमी करण्याचा सल्ला द्यायचा असेल, तर आधी या ताटात काय आहे ते पाहायला हवं.

साधारण मेसचं ताट म्हणजे तीन-चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वाटीभर वरण आणि भात. सुक्या भाजीत आठवड्यातून तीन-चारदा बटाटा असतो, कारण तो स्वस्त, टिकाऊ आणि कोणीही नाकारत नाही असा. वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांतल्या २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. धान्यातून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असंही ती सांगतात. हे माप मेसच्या ताटाशेजारी ठेवलं की दुखणं लगेच दिसतं. पोळी-भात भरपूर, तेलाची तर्री सढळ, डाळ अर्धी आणि भाजी त्याहून कमी. फळ ताटात नाहीच. असं जेवून पोट तडस लागेपर्यंत भरतं, पण दोन तासांनी पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. त्या वेळी कॅन्टीन उघडं असतं.

चहाचं गणित तर मुलांच्या लक्षातही येत नाही. लेक्चर संपलं की चहा, प्रॅक्टिकलच्या आधी चहा, अभ्यासिकेतून पाय मोकळे करायला बाहेर पडलं की चहा. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर सुमारे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. वरच्याच तत्त्वांनुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत हवी. कोलाची २५० मिलिलिटरची एक बाटली एकटीच हा कोटा संपवते.

पाकिटातल्या खाण्याचं काय होतं, याचा एक नीट केलेला प्रयोग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं. समोर ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, स्निग्धांश, तंतू दोन्हीकडे सारखे होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटबंद आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. साध्या जेवणावर ते तेवढंच उतरलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग संयमाच्या बढाया मारणाऱ्यांनी जरूर वाचावा. माणसं तीच होती आणि त्यांचा संयमही तोच. बदललं होतं फक्त ताट.

महाराष्ट्राचं चित्र मात्र एकाच बाजूचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल आढळले. त्याच पाहणीत त्याच वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे वजन वाढलेलं आणि रक्त कमी, असं एकाच शरीरात असू शकतं. लातूर-बीडहून, यवतमाळ-नंदुरबारहून आलेल्या मुलीच्या घरच्या ताटात ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, शेवग्याची किंवा अंबाडीची भाजी होती. शहरात भाकरी गेली आणि मैदा आला, पालेभाजी गेली आणि बटाटा आला. अशा मुलीला कोणी "अर्धं जेव, बारीक होशील" असं सांगणं घातक आहे.

या बाबतीत पुण्यानेच जगाला एक मोलाची गोष्ट दाखवून दिली आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. तपासणीत युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडसडीत भारतीय शरीरही आतून चरबी साठवून असू शकतं, स्नायू मात्र कमी, हे त्या एका फोटोने ठसवलं. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २३ वर आणि स्थूलतेची २५ वर धरली जाते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ओलांडू लागली की सावध व्हावं, असं डॉक्टर सांगतात. कॉलेजातल्या मुलांना वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या टेपचा उपयोग जास्त आहे.

उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते आपल्याकडे आधीच कमी. आठवड्याला अर्धा किलो एवढाच उतार सुरक्षित मानावा, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे गॅदरिंगच्या आधी तीन आठवड्यांत आठ किलो हा हट्ट सोडायला हवा. प्रोटीन पावडरच्या डब्यांपासूनही ही तत्त्वं लांब राहायला सांगतात. साठ किलोच्या तरुणाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास आणि फुटाण्यांत त्याहून थोडी कमी. हजारो रुपयांच्या डब्याचं काम कोपऱ्यावरचा फुटाणेवाला आणि अंडीवाला मिळून करू शकतात.

गेल्या काही वर्षांत मराठी घराघरांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदाच जेवण्याची पद्धत पोचली. ऋजुता दिवेकरांचा स्थानिक अन्न खाण्याचा आग्रहही पोचला. दोन्हींचे निष्ठावंत आहेत, वादही झाले. पण मेसवर जेवणाऱ्या मुलाला दोन्ही पाळणं अवघड जातं. दीक्षितांच्या पद्धतीत कडक भुकेच्या दोन वेळा स्वतः ओळखायच्या असतात. मेसची वेळ मात्र दुपारी बारा ते दोन आणि रात्री आठ ते दहा अशी ठरलेली. दिवेकरांच्या सल्ल्यातलं घरचं तूप, मूठभर दाणे, मोसमातलं फळ खोलीवर आणायला रोजचे वेगळे पैसे लागतात. शिवाय मेसचा नियम असा की सलग तीन-चार दिवसांहून कमी खाडा धरला जात नाही. एक वेळ जेवायला गेलं नाही तरी पैसे भरावेच लागतात. मग मूल विचार करतं, पैसे दिलेच आहेत तर चार पोळ्या खाऊनच घेऊ.

पैशांचं बोलायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आकडा समोर ठेवावा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी योजनेत वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले. त्यातला भोजन भत्ता ३२ हजारांचा. ३६५ दिवसांनी भागलं तर दिवसाला ८८ रुपयांच्या आत. दोन वेळची मेस, नाश्ता, चहा, फळ, सगळं त्यात बसवायचं. या मुलाला सॅलड आणि अ‍ॅव्होकॅडोचे व्हिडिओ दाखवण्यात काय अर्थ आहे? भत्ता वाढवणं आणि तो महिन्याच्या महिन्याला हातात पडणं, हीच त्याच्यासाठी पहिली पोषणयोजना आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॉलेजांच्या आवारातून जंक फूड हटवण्याच्या सूचना दिल्या. हेतू चांगला. पण समोसा हटवल्याने ताटात उसळ येत नाही. सकाळी साडेसातच्या प्रॅक्टिकलला उपाशी आलेल्या मुलाला कॅन्टीनमध्ये समोशाऐवजी काय मिळणार, हे त्या सूचना राबवताना कोणी ठरवलं तर उपयोग. उकडलेली अंडी, मटकीची उसळ, दाणे घातलेले पोहे, ताक, केळी. यातलं काहीही शिजवायला अवघड किंवा परवडायला महाग नाही.

आणि ग्रॅम ठरवून ताट वाढता येतं, हे राज्याने करून दाखवलं आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, किंमत १० रुपये, असं कागदावर लिहिलेलं होतं. कॉलेजच्या वसतिगृहाच्या मेसचं कंत्राट काढताना दर माणशी डाळ किती, कडधान्य आठवड्यातून किती वेळा, कोशिंबीर रोज की नाही, तेलाचा डबा किती दिवस पुरवायचा, हे अशाच बारकाईने लिहावं. मेस कमिटीत निवडून आलेल्या मुलांनी ते वाचून स्वयंपाकघरात जाऊन तपासावं. सर्वांत कमी दराची निविदा उघडायची आणि नंतर मुलांना आहारतज्ज्ञांचं व्याख्यान ऐकवायचं, हा क्रम उलटा आहे.

महाराष्ट्रात शिक्षणाची चळवळ भाकरीपासूनच सुरू झाली होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उभं केलं, मग जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि तिथल्या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकलं. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सात दिवस सात घरी. त्यातली लाचारी जावी म्हणून पुढे विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था उभ्या राहिल्या. या सगळ्यांना मूल काय जेवतं ही शाळेचीच जबाबदारी वाटत होती. आज कॉलेजं ग्रंथालयातल्या पुस्तकांची संख्या माहितीपत्रकात छापतात, ताटाबद्दल मात्र "मेसची सोय उपलब्ध" एवढी एकच ओळ असते.

तोवर मुलांनी हातावर हात ठेवून बसावं असं नाही. चौथ्या पोळीऐवजी वरणाची दुसरी वाटी मागता येते, अनलिमिटेड मेसमध्ये ती मिळतेच. मंडईतून काकड्या, गाजरं, पेरू आणून खोलीवर ठेवता येतात. चहा पाचवरून दोनवर आणता येतो. झोपेचा हिशेबही मांडायला हवा. शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. चोवीस तास उघड्या अभ्यासिकांत रात्री दोनला लागणारी वडापावची भूक अशी तयार होते. आणि फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी आहे, पलीकडे वेताळ टेकडी, दक्षिणेला पर्वती आणि तळजाई. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालायला जिमची फी लागत नाही.

राहिला रविवार. दोनशे मुलांच्या वसतिगृहात माणशी ६० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगाची डाळ धरली, तर खिचडीला १२ किलो तांदूळ आणि ८ किलो डाळ लागते. सोबत चिरलेला दुधी-गाजर, ताकाचं एक पिंप आणि काकडीची कोशिंबीर. आठवड्यातून एका संध्याकाळपुरती दोन माणसं जास्त पगारावर बोलवायची, मोठं पातेलं सहाला चुलीवर चढवायचं. साडेसातला पंगत बसू शकते.