मातकट चवीचा दोष माशाचा नाही

गेल्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात एक गर्भवती तपासणीला आली होती. सहावा महिना, हिमोग्लोबिन साडेआठ. सोबत सासूबाई. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यावर मी आहाराविषयी विचारले. मासे खाता का? सासूबाई म्हणाल्या, "खातो, पण तिला देत नाही. बोडीतला मासा मातकट लागतो, तिला उलटी होते. समुद्राचा मासा चांगला म्हणतात, पण तो आम्हाला कुठून परवडणार?" घरामागे बोडी, त्या बोडीत मासे, आणि घरातल्या सुनेचे रक्त कमी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या तलावांच्या पट्ट्यात असे घर शोधायला लांब जावे लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुजी आहे. अशा राज्यात गोड्या पाण्यातला मासा केवळ 'मातकट' म्हणून ताटाबाहेर राहत असेल, तर त्या चवीची नीट चौकशी करायला हवी.

मातकट वास मुळात माशाचा नसतो. पाण्यातले नीलहरित शैवाल आणि तळाच्या गाळातले काही जिवाणू 'जिओस्मिन' नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसात तापलेल्या जमिनीतून जो मृद्गंध येतो, त्यातला मुख्य घटकही हाच. आपले नाक त्याच्या बाबतीत कमालीचे तल्लख आहे. एक लिटर पाण्यात दहा नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग, एवढे जिओस्मिन असले तरी अनेकांना ते जाणवते. तोच गंध अंगणात आला की आपण खोल श्वास घेतो आणि रश्श्यात आला की ताट सरकवतो!

मासा हे जिओस्मिन मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यातून घेतो आणि ते त्याच्या चरबीत साठते. म्हणून कातडी, पोटाकडचा चरबीचा भाग आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी गडद लाल मांसाची पट्टी इथे वास जास्त असतो. मासा काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवला तर तो आपोआप निघून जातो. उन्हाळ्यात पाणी आटून तलाव हिरवा झाला की तोच रोहू मातकट लागतो आणि नदीच्या वाहत्या पाण्यातला लागत नाही, याचे कारण एवढेच. माशाची जात तीच, पाणी वेगळे.

आपल्या घरांतल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकताही यावरचा उपाय ठाऊक आहे. चिंच, आंबाडी, कैरी, लिंबू. आंबटाने जिओस्मिनचे रूपांतर वास नसलेल्या पदार्थात होते. मासा कापल्यावर चिंचेच्या कोळात किंवा लिंबू-मिठात अर्धा तास ठेवावा, नंतर धुऊन रस्सा करावा. कातडी आणि लाल पट्टी काढली तर फरक आणखी जाणवतो. त्या सूनबाईंना मी हेच सांगितले, आणि गोळ्यांच्या चिठ्ठीखाली 'आंबट घालून मासा' असेही लिहिले.

समुद्राच्या माशाशी तुलना करताना एक गोष्ट आपण विसरतो. ज्याला आपण मासळीचा उग्र वास म्हणतो, तो प्रामुख्याने समुद्री माशाचा असतो. खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी समुद्रातले मासे अंगात काही विशिष्ट संयुगे साठवतात. मासा मेल्यावर जिवाणू त्यांतल्या एकापासून ट्रायमिथिलअमीन तयार करतात आणि बाजारभर वास सुटतो. गोड्या पाण्यातल्या माशात हे संयुग फार कमी असते. त्यामुळे स्वच्छ पाण्यातला ताजा रोहू किंवा मरळ सौम्य आणि किंचित गोडसर लागतो. सुरमईची चव त्यात शोधू नये. ती चव वेगळी आहे, कमअस्सल नाही.

पोषणाचा हिशेबही साधा आहे. १०० ग्रॅम रोहूमध्ये १६ ते १७ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि चरबी थोडी. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व, जे शाकाहारात दुधाखेरीज फारसे मिळत नाही. माशासोबत खाल्लेल्या डाळ-भाजीतले लोहही शरीरात अधिक शोषले जाते. रक्तक्षय असलेल्या बाईसाठी हे मोलाचे आहे. ओमेगा-३ स्निग्धाम्ले बांगडा, तारली यांच्यात जास्त असतात हे खरे, पण म्हणून रोहू-कतला निरुपयोगी ठरत नाहीत. आजारातून उठलेल्याला मरळ द्यावी ही समजूत चांगलीच आहे. मात्र मरळीत जादू नाही, प्रथिने आहेत. ती महाग वाटत असेल तर रोहूनेही काम होते.

खरा खजिना मात्र लहान माशांत आहे. बोटाएवढे, काट्यांसकट चावून खायचे मासे. काटे खाल्ल्याने कॅल्शियम मिळते. बंगालमध्ये ज्याला मोला म्हणतात, त्या छोट्या माशाच्या १०० ग्रॅममध्ये 'अ' जीवनसत्त्व २,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले आहे. कार्पच्या मांसाच्या हे कित्येक पट आहे. त्यातले निम्मे केवळ डोळ्यांत असते. म्हणून लहान मासे साफ करताना पोट दाबून काढावे, पण डोके फेकू नये. बांगलादेशात याच लहान माशांवर काम करणाऱ्या शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांना २०२१ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तळ्यात मोठ्या कार्पसोबत मोलाही वाढवायचा, मोठा मासा विकायचा आणि लहान घरात खायचा, असा तो साधा विचार.

आपण नेमके उलटे केले. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटक येथे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यातून देशभर मत्स्यबीज मिळू लागले आणि रोहू, कतला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे आपल्या तलावांत आले. उत्पादन वाढले, हा फायदा नाकारता येणार नाही. पण या शेतीत स्थानिक लहान माशांना 'कचरा मासा' ठरवले गेले. बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून ते मारण्याची पद्धत रूढ झाली. मोठा मासा बाजारात गेला, आणि ढिवर कुटुंबाच्या ताटात रोज पडणारा मूठभर लहान मासा कमी झाला. उत्पादनाच्या तक्त्यात हे नुकसान दिसत नाही.

आता चवीच्या दुसऱ्या बाजूविषयी, कारण ती जिवावर बेतणारी आहे. मासा कापताना पित्ताची पिशवी फुटली तर सगळा मासा कडू होतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. पण 'कडू ते औषध' या समजुतीने काही जण ती पिशवी कच्चीच गिळतात. कोणी मधुमेहासाठी, कोणी दम्यासाठी, कोणी डोळ्यांसाठी. रोहू, कतला, गवत्या कार्प या कुळातल्या माशांच्या पित्तात मूत्रपिंड आणि यकृताला घातक असे विष असते. आमच्याकडे आलेला एक शेतकरी असाच. साखर उतरेल म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने मोठ्या रोहूचे पित्त प्याला. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन दिवसांनी उलट्या थांबल्या म्हणून घरचे निश्चिंत झाले, आणि तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद. त्याला डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी मूत्रपिंडे पूर्ववत झाली, हे त्याचे नशीब. मासा जितका मोठा, तितके पित्त अधिक. शिजवल्याने हे विष जात नाही आणि दारूतून घेतल्यानेही जात नाही. कोणी पित्त घेतलेच असेल तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात आणावे, आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.

मातकट चव बिनविषारी, कडू चव विषारी. मग जिभेवर भरवसा ठेवावा का? इथे सावध राहायला हवे. मातकट लागला म्हणून मासा वाईट नाही, तसा चांगला लागला म्हणून निर्धोकही नाही. शिसे, पारा यांसारख्या जड धातूंना चव नसते. नीलहरित शैवालाच्या काही जाती यकृताला अपाय करणारी विषे तयार करतात, त्यांनाही चव नसते. मात्र जिओस्मिन आणि ही विषे या दोन्हींमागे पुष्कळदा एकच कारण असते. सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेले खत यांतला नत्र व स्फुरद पाण्यात साचतो, शैवाल माजते आणि तलाव हिरवा होतो. तिथला मातकट मासा आपल्याला पाण्याची खबर देत असतो.

ही खबर आपण ऐकत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाते. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरते. त्याच उजनीच्या काठी भिगवणला लोक गाड्या थांबवून चिलापी खातात. शहराने नदीत सोडलेले शहरातलाच माणूस ताटात घेतो. पण तो एखाद्या रविवारी खातो, काठावरचा मच्छीमार रोज. धोका कोणाच्या वाट्याला जास्त येतो हे वेगळे सांगायला नको.

म्हणून घरी काही गोष्टी पाळाव्यात. सांडपाणी मिसळते अशा नाल्यातला किंवा दाट हिरव्या पाण्यातला मासा घेऊ नये, आणि घेतलाच तर आतडी, यकृत टाकून द्यावे. कल्ले लाल, डोळे फुगीर व स्वच्छ, मांस दाबल्यावर पुन्हा वर येणारे असावे. मरळ, शिंगी यांसारखे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे जिवंत विकत मिळतात. ताजेपणाची त्याहून चांगली खूण नाही. 'थाय मांगूर' या आफ्रिकन माशाच्या पालनावर देशात बंदी आहे. तो कुजके मांस खाऊनही वाढतो आणि स्थानिक मासे फस्त करतो, तो टाळावा. मासा पूर्ण शिजवावा. मुलांना काटे काढून द्यावेत, आणि घशात काटा अडकला तर भाताचे गोळे किंवा केळे गिळायला न लावता डॉक्टरांकडे आणावे. यूरिक आम्ल वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण विचारून घ्यावे. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते याला वैज्ञानिक आधार नाही.

घराबाहेरच्या गोष्टी मात्र शासनाने करायच्या आहेत. तलावाचा लिलाव करताना आणि बीज वाटताना किती टन मासा निघाला एवढेच पाहू नये. लहान स्थानिक मासे तळ्यात राहतील अशी अट असावी, आणि तळे मारण्याला आळा घालावा. आदिवासी भागातल्या गर्भवती व स्तनदा मातांसाठी राज्यात अमृत आहार योजना आहे. जिथे लोक परंपरेने मासे खातात, तिथे स्थानिक मच्छीमार संस्थांकडून आठवड्यातून एकदा मासा, किंवा सुक्या लहान माशांची भुकटी देता येईल का, हे तपासून पाहावे. मोठ्या जलाशयांतल्या माशांची जड धातूंसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत, गावच्या फलकावर लागावेत. आणि सर्वांत आधी, प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडणे थांबावे. हा मुद्दा पर्यावरणाच्या खात्यात टाकून आरोग्य खात्याला मोकळे होता येणार नाही.

त्या सूनबाई पुढच्या महिन्यात तपासणीला आल्या तेव्हा हिमोग्लोबिन साडेनऊ होते. त्याचे श्रेय मुख्यतः गोळ्यांना, हे मी जाणतो. पण सासूबाईंनी न विचारता सांगितले, "चिंच घालून करते आता. खाते ती." बोडी घरामागेच आहे. तिचे पाणी हिरवे होऊ न देणे, एवढे आपल्या हातात आहे.